चैनलाल मिस्त्रींचा आठ दिवसांचा माल

चैनलाल मिस्त्रींनी मला साडेचार महिने फसवलं. मी कोण, तर एकेकाळी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात पोतं अंथरून मिरच्या विकणारी आणि आज स्वतःची मसाल्याची चक्की चालवणारी बाई. भाजून दळलेला माल किती दिवस टिकतो हे या गावात मला कोणी शिकवू नये. तरी या माणसाने मला सांगितलं की लेकराच्या खाण्याची भुकटी आठ दिवसांच्या वर टिकत नाही, आणि मी मान हलवून घरी आले. पुन्हा आठ दिवसांनी गेले. पुन्हा मान हलवली.

हा माणूस कोण, ते आधी सांगते.

चैनलाल मिस्त्री आमच्याच गल्लीत, माझ्या दुकानापासून चौथ्या घरात राहतात. उभा जन्म राइस मिलमध्ये गेला. मशीनच्या आवाजाने कान गेले, म्हणून ते बोलत नाहीत, ओरडतात. "बसा जी" म्हणाले तरी शेजारच्या घरातला माणूस बसतो. आणि त्यांना दाणा चावायची सवय आहे. कुठलाही दाणा दिसला की उचलायचा, दाढेखाली धरायचा, कट्ट आवाज करायचा, आणि निकाल सांगायचा. मिलमध्ये म्हणे मोठमोठे व्यापारी ओलावा मोजायचं यंत्र बाजूला ठेवून यांच्या दाढेकडे बघत.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीत लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. भटजींनी "सावधान" म्हटलं, सगळ्यांनी हात वर केले. मिस्त्रींनी दोन दाणे तोंडात टाकले. कट्ट.

"ओला आहे!" ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले. "पंधरा टक्क्यांच्या वर ओलावा आहे! ह्याचा भात चिकट होते!"

नवरीच्या बापाने पंगतीचा तांदूळ त्याच पोत्यातून काढला होता. तो पाहुण्यांकडे बघायचा सोडून आचाऱ्याकडे धावला. भात चिकटच झाला होता.

माणसांनाही ते तांदळासारखेच तोलतात. शांत, जुन्या वळणाचा माणूस दिसला की "चिन्नोर तांदूळ आहे जी, सुगंध येते." तापट माणूस म्हणजे "कच्चा भरडला, तुटणारच." त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्याचं कोणी विचारलं की म्हणत, "चांगला आहे. पॉलिश थोडी जास्त झाली."

माझं आणि त्यांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. दुकानात गर्दी असताना या माणसाने धन्यांच्या पोत्यात हात घातला, एक धना चावला आणि ओरडला, "सादळला!" तीन गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन परत गेली. धने सादळले होते ही गोष्ट खरी. पण खरी गोष्ट काय ओरडून सांगायची असते?

तर अशा माणसाच्या दारात मला जावं लागलं, ते माझ्या नातीसाठी.

माझी लेक दीपाली बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरगी दिवसांच्या आधी झाली, इवलीशी. डॉक्टर म्हणाले जरा सांभाळा, म्हणून दीपालीचा मुक्काम लांबला. गुड्डीला सहा महिने झाले तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, आता अंगावरच्या दुधाबरोबर वरचं खाणं चालू करा. हे दीपालीने सासरी फोनवर सांगितलं, आणि आमगावहून विहीणबाईंचा हुकूम आला. विकतच्या डब्याचंच द्यायचं. त्यांच्या मोठ्या सुनेने डब्याचं दिलं, तिचं पोरगं कसं गोलमटोल आहे. आणि शेवटी एक वाक्य. ते मी मेले तरी विसरणार नाही.

"मंडईले आम्ही येऊन राहिलो. तवरी पोरीच्या अंगावर मांस नाही दिसलं, त समजू आईलेच येत नाही लेकरू पोसाले."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाळणे, मिठाई, रात्रीचा तमाशा आणि घर भरून पाहुणे. म्हणजे सगळ्या गोतावळ्यासमोर माझ्या लेकीची परीक्षा होती. दीपाली गुड्डीच्या मनगटाभोवती आपली दोन बोटं गुंडाळून बसली. बोटं एकमेकांवर चढत होती.

मी डबा आणायला औषधाच्या दुकानात गेले. किंमत ऐकून म्हटलं, कमी करा. दुकानदाराने डबा उलटा केला आणि छापील किंमत दाखवली. मला छापील किंमत या गोष्टीचा मनापासून संताप येतो. तोंड असून भांडता येत नाही, असा कसा व्यापार? तरी आणला. गुड्डीने पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि थुंकला. दुसरा थुंकला. तिसरा माझ्या चष्म्यावर आला. डबा आठवडाभरात संपला, पोटात किती गेला देव जाणे. डब्यावरचा मजकूर मी नीट वाचला. तांदूळ, डाळ, साखर. तांदूळ! गोंदिया जिल्ह्यात बसून मी परक्या गावचा तांदूळ छापील किमतीने विकत घेत होते!

त्याच दिवशी गल्लीतली एक सूनबाई म्हणाली, "मिस्त्री आजा बनवून देते ना लेकरायचं. पैसे नाही घेत."

मी गेले. दोन वर्षांचा राग दाराबाहेर चपलांजवळ ठेवला. मिस्त्री ओसरीत जात्यापाशी बसले होते.

"काय पायजे?" ते ओरडले.

"नातीसाठी खाणं पायजे, मिस्त्रीजी."

"नात कोठी आहे?"

"घरी आहे."

"मंग वजन कोणाचं करू? तुहं?"

मी गपचूप घरी गेले आणि गुड्डीला घेऊन आले. आणि तिथे मी या माणसाचं दुसरं रूप पाहिलं. मोठ्यांशी कसाई, लेकरांशी दरबारी. गुड्डीला बघून ते उठून उभे राहिले. "या जी, या. बसा जी." मिलमधून मिळालेला जुना काटा त्यांनी आढ्याला टांगला होता. एका पारड्याच्या जागी बांबूची टोपली, तिच्यात मऊ गोधडी. गुड्डीला त्यात बसवलं, दुसरीकडे वजनं टाकली.

"पावणेसहा," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "कमी आहे, जी. पण दाना चांगला आहे. भरते."

भाव ठरवायला मी तोंड उघडलं. काय घेता, किती घेता, महिन्याचं एकदम घेतलं तर काय. त्यांनी हात वर केला.

"पैसे नाही. तांदूळ तुह्या घरचा, मूगडाळ तुह्या घरची. वर्षभर जुना तांदूळ आनजो, पॉलिश नसलेला. नवा आनशीन त वापस पाठवीन."

फुकटच्या मालाचा भाव कसा करायचा, हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी हरले.

तांदूळ आणला, त्यांनी चावला, एकदा परत पाठवला, दुसऱ्यांदा घेतला. धुवायचा, कपड्यावर सावलीत वाळवायचा, मग तांदूळ वेगळा आणि डाळ वेगळी मंद आचेवर भाजायची. मिक्सरला त्यांची बंदी. "मिक्सर गरम होते, मालाले भाजते." जात्यावर दळून, वस्त्रगाळ करून, झाकणाच्या डब्यात. पाण्यात शिजवायचं, वर तुपाचा थेंब. मीठ नाही, साखर नाही. मी म्हटलं, चव कशी येईल? ते म्हणाले, "त्याइले मीठ मालूमच नाही, त आठवीन कायले?"

आणि डबा माझ्या हातात देताना म्हणाले, "आठ दिवसांचा माल आहे. आठव्या दिवशी मेला. नवव्या दिवशी देल्ला त पोट बिघडीन. मंगळवारी येजो. लेकरू घेऊन येजो."

आता बघा. हळद सहा महिने राहते, तिखट वर्षभर राहतं, आणि हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. त्या क्षणी मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. व्यापारात मी देवाशीही भांडेन, पण "पोट बिघडीन" म्हटल्यावर माझी अक्कल घरी गेली.

गुड्डीने पहिला घास घेतला. माझ्याकडे बघितलं. मी चष्मा काढून ठेवला होता. तिने गिळला. मग चमचा दोन्ही हातांनी धरला आणि सोडेना. दीपाली हसायला लागली. महिनाभरात ती हसली नव्हती.

तेव्हापासून दर मंगळवारी, दुकानाच्या ऐन वेळेला, मी नातीला कडेवर घेऊन मिस्त्रींच्या ओसरीवर. दीपाली गल्ल्यावर बसायची आणि लोकांना सवलत देऊन माझं नुकसान करायची. मिस्त्री पूर्ण तासभर घ्यायचे. वजन करायचं, बोटं बघायची, हिरड्यांवरून धुतलेलं बोट फिरवायचं. "दात येऊन राहिला जी तुमचा? मंग आम्हाले सांगतलं नाही?" गुड्डी त्यांच्या मिशा ओढायची. उरलेला माल मी दर मंगळवारी शेजाऱ्यांच्या गायीला घालत होते. त्या गायीची तब्येत त्या चार महिन्यांत अशी सुधारली की शेजारी मला कारण विचारायला आले.

आणि मग मंडई आली.

विहीणबाई सगळा गोतावळा घेऊन आल्या. हातातल्या पिशवीत दोन डबे. बसायच्या आधी त्यांनी ते टेबलावर मांडले, सगळ्यांना दिसतील असे.

"आणले बाई आम्हीच. तुमच्याकडून त होऊन नाही राहिलं." मग गुड्डीला घेतलं. घेताना त्यांचा हात जरा खाली गेला, हे मी पाहिलं. पण तोंड खाली गेलं नाही. "कपड्यायमुळं जड लागते," म्हणाल्या. "तशी वाळलेलीच आहे."

दीपालीचा चेहरा उतरला. मी उठले आणि गल्लीत जाऊन हाक मारली, "मिस्त्रीजी! काटा घेऊन या!"

आणि मिस्त्री आले. इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर काटा, हातात टोपली. पाहुण्यांनी वाट दिली. त्यांनी काटा चौकटीला टांगला, कोणालाही नमस्कार न करता गुड्डीला हात जोडले. "या जी. आज परीक्षा आहे तुमची." कपडे काढून लेकराला टोपलीत बसवलं.

"आखाडात कितीची होती?" त्यांनी ओरडून विचारलं.

"पावणेसहा," मी म्हटलं.

त्यांनी पावणेसहाची वजनं टाकली. काटा हलला नाही. टोपली खालीच. गुड्डी टाळ्या वाजवायला लागली. मिस्त्रींनी इकडे तिकडे बघितलं, टेबलावरचा डबा उचलला आणि पारड्यात ठेवला.

"अजी, ते काय करून राहिले?" विहीणबाई म्हणाल्या.

"तुमचं वजन टाकून राहिलो, बाई." दुसरा डबाही ठेवला. टोपली हलली नाही. "अजून आहेत का आणलेले?"

माझ्या जावयाला हसू आवरेना. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मिस्त्रींनी डबे काढले, वजनं टाकत गेले. एक, अर्धा, पाव. काटा सरळ झाला.

"साडेसात!" असा ओरडा झाला की मंडईतल्या पाळण्यावरच्या माणसांनी ऐकला असेल. "आन वरतून बोटभर! लिवून घ्या कोणाले लिवाचं असन त!"

विहीणबाईंनी गुड्डीला टोपलीतून उचललं, दंड दाबून बघितला, मांडी दाबून बघितली. दाबून बघण्यासारखं आता होतं. "काय देल्लं वो हिले?" त्यांचा आवाज वेगळाच होता.

"गोंदियाचा तांदूळ," मी म्हटलं. "आणि हिच्या आईचे हात."

मी माल विकणारी बाई आहे. समोरचा वाकला की त्याच क्षणी सौदा करायचा असतो, दुसऱ्या दिवशी नाही. मी पाहुण्यांसमोरच विचारलं, "विहीणबाई, पोरगी पोसता येते का हिला?" त्या म्हणाल्या, येते. मी म्हटलं, मोठ्याने सांगा, मिस्त्रींना ऐकू येत नाही. त्यांनी मोठ्याने सांगितलं. मग ठरवून घेतलं की आमगावला गेल्यावर गुड्डीच्या खाण्यात कोणी नाक खुपसणार नाही आणि दीपाली सांगेल ते शिजेल. डबे त्यांनी परत नेले. ते मी औषधाच्या दुकानात परत करायला सांगितले, छापील किमतीने.

इथपर्यंत माझी फत्ते होती. पूर्ण फत्ते.

दुसऱ्या दिवशी दीपालीची बॅग भरताना कपाटाच्या मागे एक डबा सापडला. झाकणावर तिने पोळ्याची तारीख टाकलेली. त्या आठवड्यात गुड्डीला सर्दी झाली होती, माल उरला आणि मागे पडला. मी झाकण उघडलं. वास घेतला. चिमूटभर जिभेवर ठेवली. आणि माझं रक्त उकळलं. माल काल दळल्यासारखा होता!

मी डबा पदराखाली घेतला आणि आधी गल्लीत चौकशी केली. पोस्टाच्या मागे राहणारी म्हणाली, आमचा सोमवार असतो, माल आठ दिवसांचा. शिक्षकाची सून म्हणाली, आमचा बुधवार. सायकलवाल्याच्या घरी गुरुवार. मी बोटं मोजत गेले. सात लेकरं, सात वार. एकही दिवस रिकामा नव्हता.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण डोकं तापलेलं होतं. ओसरीवर जाऊन मी डबा त्यांच्यासमोर आपटला.

"हा पोळ्याचा माल आहे, मिस्त्रीजी! चाखा!"

त्यांनी चाखला. "चांगला आहे."

"अडीच महिने झाले याले!"

"मालूम आहे मले. तीन महिने राहते. माह्या हातचा आहे."

"मंग आठ दिवस कायले सांगतलं? मी गायीले घातला ना माल! काऊन खोटं बोलले?"

मिस्त्री काट्याची साखळी नीट करत होते. ते ओरडले नाहीत. इतक्या हळू बोलले की ऐकायला मलाच वाकावं लागलं.

"तीन महिन्यांचा देल्ला असता, त तू आली असती का?"

भांडायला कमरेवर ठेवलेले हात मी खाली घेतले. आले नसते. माल घेतला असता आणि गेले असते.

"तुमचे पण नात-नातू असतीन ना," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"नातू आहे. चार वर्षांचा झाला. फोनात दिसते रोज." त्यांनी साखळीला हात लावला, ती थांबवली. "फोनात सगळं दिसते, बाई. वजन नाही समजत."

मी घरी आले. तासाभराने गुड्डीला घेऊन परत गेले, आमगावच्या गाडीला वेळ होता. त्यांनी पुन्हा वजन केलं. काल केलं होतं, तरी केलं. मग तीन महिन्यांचा माल एकदम दिला, स्वतःहून. गुड्डीला हात जोडले, "या जी मंग," म्हणाले, आणि आत निघून गेले.

गाडी गेली. मी दुकानात आले, दीपालीकडून ती जाताना घेतलेला मिस्त्रींच्या मुलाचा नंबर लावला. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, "तुझ्या पोराचं वजन किती आहे?"

तो म्हणाला, "काकू, काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

"वजन विचारून राहिली मी."

त्याला माहीत नव्हतं. बायकोला विचारून सांगतो म्हणाला. मी म्हटलं, विचारू नको. इथं घेऊन ये, इथं तोलतात. तो म्हणाला, हो काकू, सुट्टीचं बघतो.

मला फसवल्याबद्दल चैनलाल मिस्त्रींना मी माफ केलेलं नाही. साडेचार महिन्यांचे मंगळवार माझे गेले, गायीच्या पोटात माझा माल गेला. पण त्याचा जबाब मी त्यांच्याकडे मागणार नाही. तो पुण्यात बसलेल्या पोराने द्यावा. त्याच्या बापाला दुसऱ्यांची लेकरं दारात आणायला खोटं बोलावं लागलं, हे कसं झालं, ते त्याने मला येऊन सांगावं. बापाला नाही, मला. आणि "बघतो" म्हणजे काय? माझ्या दुकानात "बघतो" म्हणणाऱ्याला मी माल दाखवत नाही. दिवस सांग, गाडी सांग, पोराला घेऊन उतरणार कधी ते सांग.